ते आमचं, पेपरात कसं लिहायचं?

रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या अभ्यासकेंद्राचं संपर्क सत्र सुरू होतं. दहा म्हणजे साडेदहा. गारगोटीची एसटी यायची असते, राधानगरीची यायची असते, शिरोली एमआयडीसीतून रात्रपाळी करून तसेच आलेले दोघं-तिघं बाहेर चहा घेत उभे असतात. वर्गात बाविशीपासून पन्नाशीपर्यंतची माणसं. बाक मात्र अकरावीच्या पोरांच्या मापाचे, त्यामुळे ऊसकरी शेतकऱ्याचे गुडघे फळीला लागतात. मी खडू उचलतो न उचलतो तोच मागून कुणीतरी म्हणतं, "सर, तेवढं आयएमपी सांगा."

कोल्हापुरात मी हे काम चौदा वर्षं करतोय. मुक्त आणि दूरशिक्षणाच्या भाषेत आम्ही शिक्षक नसतो, 'समंत्रक' असतो. शब्द चांगला आहे. त्यात सल्ला देणं आहे, सोबत बसून विचार करणं आहे. प्रत्यक्षात मी बरीच वर्षं फळ्यावर मुद्दे लिहीत होतो आणि समोरचे उतरवून घेत होते.

काही वर्षांपूर्वी आम्हा समंत्रकांसाठी एक दिवसाची कार्यशाळा झाली. विषय होता, प्रौढ विद्यार्थ्यांना कसं शिकवावं. व्याख्यात्यांनी पडद्यावर सहा मुद्दे दाखवले आणि एकेक करून वाचले. प्रौढ माणसाला आपण हे का शिकतोय ते आधी कळायला हवं. तो स्वतःची जबाबदारी स्वतः घेणारा असतो. त्याच्याजवळ अनुभवाचा साठा असतो. आयुष्यात गरज पडते तेव्हा तो शिकायला तयार होतो. विषयापेक्षा प्रश्न सोडवण्याकडे त्याचा ओढा असतो. आणि त्याची खरी प्रेरणा आतून येते. अडीच तास हे चाललं. व्याख्यान ऐकत बसलेल्या आम्हा चाळीस प्रौढांना कुणी एक शब्द विचारला नाही. शेवटी प्रमाणपत्रं वाटली आणि जेवण झालं. जेवण चांगलं होतं.

हे सहा मुद्दे अमेरिकेतल्या माल्कम नोल्स या प्रौढशिक्षणतज्ज्ञाचे. 'अँड्रागॉजी', म्हणजे प्रौढांना शिकवण्याचं शास्त्र, हा शब्द त्याच्या नावाशी जोडला गेला असला तरी तो त्याने घडवलेला नाही. 1833 मध्ये अलेक्झांडर काप नावाच्या जर्मन शिक्षकाने तो वापरला होता. ग्रीकमध्ये त्याचं मूळ 'पुरुष' या शब्दात आहे. माझ्या वर्गात निम्म्या बायका असतात, तेव्हा शास्त्राच्या नावापासूनच थोडी सावधगिरी बाळगलेली बरी. नोल्सने 1970 च्या पुस्तकात मुलांचं शिक्षण आणि प्रौढांचं शिक्षण एकमेकांविरुद्ध उभं केलं होतं. 1980 च्या आवृत्तीत त्याने स्वतःच ते मागे घेतलं आणि मुलांकडून प्रौढांकडे जाणारी एक वाट, अशी मांडणी केली. दहा वर्षांत माणसाने आपलं मत बदललं, हे मला त्या सहा मुद्द्यांपेक्षा जास्त शिकवून गेलं. कार्यशाळेत मात्र हा बदललेला नोल्स भेटलाच नाही.

माझी तक्रार दुसऱ्या मुद्द्याविषयी आहे. प्रौढ माणूस स्वयंप्रेरित, स्वतःची दिशा स्वतः ठरवणारा असतो, हे खरंच आहे. पण वर्गाच्या बाहेर. तीन एकर उसाचं पाणी, म्हशीचं वेत, पोरीचं लग्न, पतसंस्थेचा हप्ता, हे सगळं एकहाती सांभाळणारा माणूस बाकावर बसला की हाताची घडी घालतो आणि तोंडाकडे बघत राहतो. पंचेचाळीस वर्षांचा सुपरवायझर उत्तर येत नसेल तर मान खाली घालतो, जशी सातवीत घातली असेल. नोल्सलाही हे दिसलं होतं. शिक्षण असं नाव दिलेल्या कुठल्याही जागी प्रौढ शिरला की शाळेतली जुनी सवय उसळून वर येते, असं त्याने नोंदवून ठेवलंय. आमच्याकडच्या शाळेच्या सवयीत छडीही होती, हे त्याला ठाऊक नसावं.

मग 'प्रौढ स्वयंप्रेरित असतात' या वाक्याचं आपल्या उच्च शिक्षणात काय झालं? ते सोयीचं ठरलं. पुस्तकांचा गठ्ठा हातात द्यायचा, त्याला स्वयंअध्ययन साहित्य म्हणायचं, सत्रात मोजके तास ठेवायचे आणि बाकीचं तुम्ही प्रौढ आहात म्हणून तुमच्यावर सोडायचं. पोहायला शिकायला आलेल्या माणसाला, तुम्ही मोठे आहात, उतरा रंकाळ्यात, असं सांगण्यासारखंच झालं हे. ज्याने वीस वर्षांपूर्वी शाळा सोडली त्याला पुस्तक वाचून टिपण कसं काढायचं, लेखकाशी वाद कसा घालायचा, हे कुणी कधी दाखवलेलंच नसतं. ते शिकवावं लागतं. शिकवायला वेळ लागतो, वेळेला पैसे लागतात.

अनुभवाच्या मुद्द्यावर मी स्वतः एकदा चांगलाच आपटलो. वाणिज्य शाखेच्या वर्गात भारित सरासरी, म्हणजे प्रत्येक आकड्याला त्याच्या वजनाप्रमाणे धरून काढायची सरासरी, शिकवत होतो. सिग्मा डब्ल्यू एक्स भागिले सिग्मा डब्ल्यू, असं सूत्र फळ्यावर. वर्गात एका गावच्या दूध संस्थेचे सचिव होते, दोनदा याच विषयात नापास झालेले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना. मी जरा वैतागूनच म्हटलं, "अहो, तुम्ही तर रोज आकडेमोड करता." मग सुचलं म्हणून विचारलं, "समजा सकाळी संस्थेत 600 लिटर दूध आलं, फॅट 6. संध्याकाळी 400 लिटर, फॅट 7. दिवसाचं सरासरी फॅट किती?" पुढच्या बाकावरची एक ताजी बारावी झालेली मुलगी लगेच म्हणाली, साडेसहा. सचिव हसले. "साडेसहा धरून गवळ्यांची बिलं काढली तर संघाकडनं सहा पॉइंट चारचंच पैसं येतील. फरक कुणाच्या खिशातनं घालायचा सर?" कागद नाही, पेन नाही. 3600 आणि 2800 मिळून 6400, भागिले हजार. दर दहा दिवसांच्या बिलाला हा माणूस भारित सरासरी काढत होता आणि भारित सरासरीत नापास होत होता.

ब्राझीलच्या पाउलो फ्रेरे या शिक्षणतज्ज्ञाने 1963 मध्ये अँजिकोस नावाच्या गावी 300 मजुरांना 40 तासांत लिहायला-वाचायला शिकवण्याचा प्रयोग केला, तो अशाच पायावर. 'वीट' यासारखे त्यांच्या रोजच्या कामातले शब्द घ्यायचे, त्या शब्दांवर आधी बोलायचं, मग अक्षरं. शिक्षक ज्ञान भरणार आणि विद्यार्थी ते ठेवीसारखं साठवणार, या पद्धतीला त्याने बँकेची उपमा दिली. पतसंस्थांच्या आपल्या जिल्ह्याला ती लगेच कळावी. फक्त आमच्याकडे ठेव परीक्षेच्या दिवशी व्याजासकट काढून घेतात आणि खातं बंद करतात.

इथवर बहुतेक शिक्षकांना पटतं. अनुभवाचा आदर करा, त्यांच्या जगण्यातली उदाहरणं द्या. माझं म्हणणं यापुढचं आहे, आणि ते सगळ्यांना रुचत नाही. अनुभव म्हणजे ज्ञान नव्हे. अनुभवाचा नुसता आदर करत बसलं की वर्गाचं गप्पांच्या कट्ट्यात रूपांतर होतं. प्रत्येक जण आपापली गोष्ट सांगतो, सगळे माना डोलावतात आणि आल्या वाटेने घरी जातात. वीस वर्षं घाण्याभोवती फिरलेल्या बैलालाही अनुभव असतोच.

एका फाउंड्रीत मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायच्या कामाला असलेले एक गृहस्थ होते. वाळू मुठीत दाबून, ढेकूळ मोडून बघून ओल बरोबर आहे की नाही ते सांगायचे. पुस्तकात तीन ते चार टक्के लिहिलेलं, ते यांच्या तळहातात होतं. त्यांच्या कारखान्यात कास्टिंगचं रिजेक्शन, म्हणजे ओतलेल्या मालातलं टाकाऊ निघणं, वाढलं होतं आणि त्याचं कारण त्यांना पक्कं माहीत होतं. "रात्रपाळीची पोरं झोपत्यात सर. दुसरं काय न्हाई." मी म्हटलं, असेलही. पण चार आठवडे एक वही ठेवा. प्रत्येक रिजेक्ट पीसची नोंद करा. पाळी कुठली, पॅटर्न (वाळूत दाबून साचा उठवायचा नमुना) कुठला, दोष कुठला: ब्लो होल, वाळू पडलेली, कोअर सरकलेला, जे असेल ते. त्यांना हे फार पटलं नव्हतं. तरी शंभर पानी वही घेतली, रूळाने रकाने आखले.

पाचव्या रविवारी वही आली. पानांवर वाळू आणि तेलकट बोटांचे ठसे. आम्ही दोघांनी बसून पाळीप्रमाणे बेरीज केली. दिवस आणि रात्र जवळजवळ सारखे. मग पॅटर्नप्रमाणे केली, आणि एकाच पॅटर्नच्या रकान्यात रेघांची गर्दी. दोषही बहुतेक एकच, वाळू पडलेली. गृहस्थ बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कोपरा झिजलाय त्याचा. उचलताना वाळू मोडत आसंल." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "पोरांना उगंच शिव्या घातल्या की वो."

डेव्हिड कोल्ब या अमेरिकी अभ्यासकाने 1984 मध्ये मांडलेलं अनुभवाधारित शिक्षणाचं चक्र बीएडच्या पोरांना पाठ असतं: प्रत्यक्ष अनुभव, त्यावर चिंतन, त्यातून संकल्पना, मग नवा प्रयोग. वर्तुळ काढून चार बाण दाखवले की गुण मिळतात. पण त्या वर्तुळाचा दुसरा टप्पा आपोआप होत नाही. त्या गृहस्थांच्या बाबतीत तो शंभर पानी वहीने आणि चार आठवड्यांनी झाला. तिथेच शिक्षकाची गरज असते. जॅक मेझिरो या अमेरिकी प्रौढशिक्षण अभ्यासकानेही 1978 मध्ये, मध्येच शिक्षण सुटून पुन्हा कॉलेजात आलेल्या बायकांच्या अभ्यासातून हेच सांगितलं: प्रौढाचं खोलवरचं शिकणं म्हणजे नवी माहिती गोळा करणं नव्हे, आपण धरून बसलेल्या समजुतीला धक्का बसणं, आणि त्या धक्क्यातून सावरताना नव्याने बघायला लागणं. 'उगंच शिव्या घातल्या की वो' या वाक्यात मला तो सगळा सिद्धान्त ऐकू आला. म्हणजे, घरी जाताना ऐकू आला. त्या क्षणी मी फक्त खूश होतो.

आता मूळ दुखणं. त्याच सत्राच्या परीक्षेत प्रश्न आला: गुणवत्ता नियंत्रण म्हणजे काय ते सांगून त्याची उद्दिष्टे स्पष्ट करा. 16 गुण. या गृहस्थांनी गाइडमधली सात उद्दिष्टं लिहिली. पाच बरोबर, दोन दुसऱ्याच प्रकरणातली. निकाल लागल्यावर मी विचारलं, अहो, तुमची वही का नाही लिहिली? चार ओळी तरी? ते चकित झाले. "सर, ते आमच्या कंपनीतलं हाय. ते आमचं, पेपरात कसं लिहायचं? पेपरात पुस्तकातलं लिवायचं असतंय न्हवं?"

आणि त्यांचं बरोबर होतं. तपासणाऱ्याच्या हातातल्या उत्तरसूचीत सात उद्दिष्टंच होती.

प्रौढांना शिकवण्याच्या शास्त्रावर आपण कितीही कार्यशाळा घ्या, प्रश्नपत्रिका जोवर 'म्हणजे काय' आणि 'स्पष्ट करा' एवढंच विचारते तोवर वर्गात तेच घडणार. विद्यार्थी बिनडोक नसतो; त्याला परीक्षा कळते. 'आयएमपी सांगा' हा आळस नाही. हातात आठवड्याला चार तास असलेल्या माणसाने काढलेला तो अत्यंत व्यवहारी निष्कर्ष आहे. नोल्सचं आतून येणाऱ्या प्रेरणेचं गाणं मला इथे थोडं श्रीमंतांचं वाटतं. माझ्या वर्गातल्या अंगणवाडी सेविकेला बढतीसाठी पदवी हवी असते, बँकेतल्या शिपायाला क्लार्क व्हायचं असतं. त्यात कमीपणा काय? माणूस कागदासाठी येतो. कागदाच्या वाटेवर त्याला खरं शिकणं भेटेल अशी सोय करणं आपल्या हातात असतं, ती आपण करत नाही.

म्हणून मागणी एवढीच की प्रत्येक पेपरात किमान एक सक्तीचा प्रश्न असा असावा, ज्याचं उत्तर गाइडमध्ये असूच शकत नाही. तुमच्या कामातला, घरातला किंवा शेतातला एक प्रश्न घ्या, त्याच्या नोंदी मांडा, या विषयातली एखादी संकल्पना लावून बघा, आणि ती कुठे लागू पडत नाही तेही सांगा. शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. पुस्तकही चुकू शकतं, अनुभवही चुकू शकतो, हे ज्याला लिहिता येतं तो पदवीधर.

यावर मला हमखास ऐकावं लागतं की मग दर्जाचं काय, आणि नागपूरच्या परीक्षकाला शिरोलीची फाउंड्री काय कळणार? दर्जाबद्दल बोलणाऱ्यांनी एकदा गाइडातली सात उद्दिष्टं तीनशे उत्तरपत्रिकांत ओळीने वाचावीत. परीक्षकाचा मुद्दा खरा आहे. पण त्याला फाउंड्री कळायची गरज नाही. नोंद, तर्क आणि निष्कर्ष एकमेकांना धरून आहेत का, एवढं कळलं तरी पुरे. अवघड अडचण निराळीच आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. अशी वही वाचायला एकेका विद्यार्थ्यामागे अर्धा तास लागतो. आमच्यातले बरेच जण तासिका तत्त्वावर. तासाचे पैसे मिळतात, वही वाचण्याचे मिळत नाहीत. सत्तावीस वर्षांचा नेट झालेला मुलगा तीन कॉलेजांत धावून तास घेतो, आपल्या वडिलांच्या वयाच्या विद्यार्थ्याला आदराने 'तुम्ही' म्हणतो आणि टिपणं सांगतो. त्याच्याकडून याहून जास्त मागायचं तर आधी त्याच्या वेळेची किंमत धरा.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर वारं दुसऱ्या दिशेनेही वाहतंय, त्याचीही मला धास्ती आहे. 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात कामाच्या अनुभवालाही श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, देण्याची वाट उघडली आहे. उद्देश चांगला. पण अनुभवाचा दाखला आणा आणि श्रेयांक घेऊन जा, असं त्याचं रूप झालं तर आपण मोडकी गाडी विकून फुटकी नाव घेतली असं होईल. किती वर्षं काम केलं याला श्रेयांक कशाला? त्या वर्षांतून काय हाती लागलं, ते दाखवता येतं का, याला द्यावा. आमच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या काहिलीतला पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघतो आणि 'उतरवा' म्हणतो. त्याला ते येतं याबद्दल वाद नाही. विद्यापीठात त्याने यावं ते 'असं का होतं' या प्रश्नासाठी, आणि त्या प्रश्नात विद्यापीठाने त्याच्याबरोबर बसावं.

वयाबद्दल एक. "आता या वयात डोक्यात शिरत नाही सर," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1928 मध्येच प्रौढांच्या शिकण्याची मोजणी करून दाखवलं होतं की वयाबरोबर होणारी घट लोक समजतात त्याहून खूप कमी असते. त्यांच्या डोक्यात शिरत नाही ते बहुधा पद्धतीमुळे. तेच पान चारदा वाचायचं, पिवळ्या पेनाने रंगवायचं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहिलं. हे मी दर सत्राला पहिल्या दिवशी सांगतो. दुसरी एक अंधश्रद्धाही तेव्हाच मोडून ठेवतो: अमका डोळ्यांनी शिकणारा, तमका कानांनी शिकणारा, अशी वाटणी. तसं ओळखून तसं शिकवल्याने फायदा होतो याला भक्कम पुरावा नाही, तरी कार्यशाळांतून ती उतरायला तयार नाही.

आणि वेळ. शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, पुढे एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली. कॉलेज तर कोल्हापुरात आधीपासून होतंच. खेड्यातला पोरगा तिथे टिकायचा तर त्याला राहायला आणि जेवायला लागतं, ही गोष्ट त्यांनी ओळखली. प्रौढ विद्यार्थ्याच्या बाबतीत ती जागा वेळेची आहे. साखर कारखान्यातल्या माणसाची परीक्षा ऐन गळीत हंगामात येते, तिन्ही पाळ्या चालू, रजा मिळत नाही. त्याच कारखान्यांच्या जिल्ह्यात बसून आपण हे वेळापत्रक करतो. अनुत्तीर्णांच्या यादीत मग 'गैरहजर' असे जे शेरे दिसतात त्यांना कुठलाच शिक्षणसिद्धान्त लागू पडत नाही. जून-जुलैत एक जादा परीक्षा ठेवली तर काय बिघडेल, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

प्रश्नपत्रिका काही माझ्या हातात नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण आहेत. स्वाध्याय म्हणून पुस्तकातली प्रश्नोत्तरं उतरवून आणायची जुनी पद्धत मी बंद केली आणि महिनाभराच्या नोंदी मागायला लागलो. पहिल्याच सत्रात नक्कल झाली, होणारच होती. एका तरुणाने दुधाच्या नोंदींची वही आणली. रोजचे लिटर, फॅट, मिळालेले पैसे, शेवटी सुबक आलेख. मी चाळत होतो. मध्येच एका तारखेला संध्याकाळचं दूध निम्म्यावर आलेलं. "हे काय झालं त्या दिवशी?" मी विचारलं. तो वहीत बघतो, माझ्याकडे बघतो. "म्हैस आटली असेल सर." दुसऱ्या दिवशी परत पूर्ण आठ लिटर होतं. मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून, जिची ती वही मुळात होती त्या कागलच्या वहिनींचा आवाज आला, "आटतीया कशाला! रेडकू सुटलं हुतं त्या दिवशी."